जॅग्वारच्या तळावर ॲस्टन मार्टिन डीबी७ कशी उभी राहिली

प्रश्न: मी ऑटोमोबाइल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. ॲस्टन मार्टिन डीबी७ म्हणजे मुळात जॅग्वार एक्सजेएसच, वर फक्त नवा पत्रा चढवला, असं बरेच जण म्हणतात. मग तिला एवढा मान का? आणि जुन्या प्लॅटफॉर्मवर नवी गाडी करताना ‘डेव्हलपमेंट’ म्हणून नेमकं काय करतात?

उत्तर:

तळ जॅग्वारचा होता हे खरं. ‘फक्त पत्रा चढवला’ हे मात्र साफ चूक. जुना तळ मिळाला की निम्मं काम झालं, असं बाहेरून वाटतं. प्रत्यक्षात पैसे वाचतात, डोकं मात्र जास्तच चालवावं लागतं. काय तसंच ठेवायचं, काय मोडून नव्याने करायचं आणि हातातले मोजके पैसे कुठे लावायचे, हे ठरवण्यातच सगळी कसोटी असते. डीबी७ मध्ये हे निर्णय फार नेमके घेतले गेले. माझं सगळं आयुष्य बॉडी स्ट्रक्चर आणि पॅकेजिंगच्या (म्हणजे गाडीत कुठला भाग कुठे मावेल ते आखण्याच्या) कामात गेलं, सुरुवातीला पिंपरीत आणि पुढे इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीच्या परिसरात. हाताखाली येणाऱ्या नव्या मुलांना मी ही गाडी मुद्दाम अभ्यासायला सांगतो.

आधी कंपनीची अवस्था बघ. १९८७ साली फोर्डने ॲस्टन मार्टिनमधला सुमारे तीन चतुर्थांश हिस्सा घेतला, तेव्हा न्यूपोर्ट पॅग्नेलच्या कारखान्यात गाड्या अक्षरशः हाताने घडत होत्या. ॲल्युमिनियमचा पत्रा इंग्लिश व्हीलवर (पत्र्याला बाक देणाऱ्या दोन चाकांच्या हातयंत्रावर) फिरवून आणि ठोकून आकाराला आणायचा, दार त्या-त्या गाडीपुरतं बेतून बसवायचं. १९८८ साली आलेली व्हिरेज अशीच बनायची आणि तिची किंमत लाख पाउंडांच्या पुढे होती. १९९० नंतर मंदी आली आणि गिऱ्हाईकच आटलं. १९९२ साली तर शंभर गाड्यासुद्धा खपल्या नाहीत. कारागिरांचा हात कितीही चांगला असला तरी एवढ्या विक्रीवर कारखान्याचा पगारही भागत नाही.

१९९१ मध्ये कंपनीची सूत्रं वॉल्टर हेज यांच्याकडे आली. हे मूळचे पत्रकार. पुढे फोर्डमध्ये गेले आणि युरोपातल्या सर्वोच्च वर्तुळापर्यंत पोचले. कॉसवर्थचं डीएफव्ही हे फॉर्म्युला वनमधलं गाजलेलं इंजिन ज्या पैशांतून झालं, ते पैसे फोर्डकडून मिळवून देणारे हेच गृहस्थ. त्यांना दिसत होतं की व्हिरेजपेक्षा बरीच स्वस्त, आकाराने लहान आणि वर्षाला काही शे तरी बनवता येईल अशी गाडी हवी. तीही चटकन हवी, कारण कोऱ्या कागदावरून सुरुवात करायला ना पैसा होता ना वेळ.

इथे जॅग्वार कथेत येते, आणि ती एका फसलेल्या प्रकल्पाच्या वाटेने येते. एक्सजेएसची जागा घेण्यासाठी जॅग्वारने ऐंशीच्या दशकात एक्सजे४१ नावाने कूपे आणि एक्सजे४२ नावाने उघड्या टपाची गाडी करायला घेतली होती. बाहेरचे लोक तिला ‘एफ-टाइप’ म्हणत. मूळ आकार जॅग्वारचे डिझायनर कीथ हेल्फेट यांचा, अतिशय देखणा. पण प्रकल्प लांबत गेला तशा मागण्या वाढत गेल्या. दोन टर्बो आले, चारही चाकांना ड्राइव्ह आला, आणि प्रत्येक भरतीबरोबर वजन वाढलं. वजन वाढलं की ब्रेक मोठे, ब्रेक मोठे झाले की चाकं मोठी, मग सस्पेन्शन जड. हे चक्र एकदा सुरू झालं की थांबवणं फार अवघड जातं. १९८९ च्या अखेरीस फोर्डने जॅग्वार विकत घेतली आणि १९९० मध्ये हा प्रकल्प बंद केला. गाडी सुंदर होती म्हणून हळहळणारे खूप भेटतात. माझ्या मते तो निर्णय योग्यच होता.

बंद पडलेल्या त्या गाडीत टॉम वॉकिन्शॉ यांना मात्र जीव दिसला. त्यांची टीडब्ल्यूआर ही कंपनी जॅग्वारसाठी रेसिंग करायची. १९८८ आणि १९९० ची ल मांस शर्यत जॅग्वारने जिंकली ती यांच्याच जिवावर. वॉकिन्शॉ यांचा विचार सरळ होता: एक्सजे४१ चा आकार चांगला आहे, तिच्याखालचा पसारा नको. मग हाच आकार एक्सजेएसच्या तयार तळावर बसवला तर? या कामाला ‘प्रोजेक्ट एक्सएक्स’ म्हणत. त्यासाठी त्यांनी इयन कॅलम या फोर्डमधून नुकत्याच आलेल्या डिझायनरला बसवलं. जॅग्वारने ती गाडी घेतली नाही. तेव्हा वॉकिन्शॉ आणि हेज यांनी तिचं रूपांतर ॲस्टन मार्टिनमध्ये करायचं ठरवलं. नाव बदलून एनपीएक्स झालं.

आता तुझ्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येतो. पुण्याच्या इंजिनिअरला एका तळावर अनेक गाड्या हे काही नवं नाही. टाटामोबिल २०७ या पिकअपवरूनच सिएरा, इस्टेट आणि सुमो निघाल्या, त्याही नव्वदीच्या सुरुवातीलाच. पण तिथे खाली लॅडर फ्रेम होती. फ्रेम वेगळी, बॉडी वेगळी, त्यामुळे वरची बॉडी बदलायला बरीच मोकळीक मिळते. एक्सजेएस मोनोकॉक होती. तळ, फायरवॉल (इंजिन आणि केबिन यांच्यामधली भिंत), खांब, छप्पर असं सगळं मिळून एकच सांगाडा, आणि प्रत्येक जण भार उचलणारा. तिथे वरचा पत्रा बदलायचा म्हणजे भार वाहणारे भागच बदलायचे. गाडीला पीळ दिला तर ती किती वळते, धडक बसली तर कुठे दुमडते, आवाज कुठून आत येतो, यातलं प्रत्येक गणित पुन्हा मांडावं लागतं.

प्लॅटफॉर्मबरोबर वारशाने येतात ते हार्डपॉइंट, म्हणजे सहसा हलवता न येणारे बिंदू. चाकांचे मध्यबिंदू, फायरवॉलची जागा, ड्रायव्हरच्या कंबरेचा बिंदू, स्टिअरिंग कॉलमचा कोन, इंजिन माउंट. गाडीचं रूप बहुतांशी यांनीच ठरतं. डिझायनरची पेन्सिल नंतर येते. पुढच्या चाकापासून फायरवॉल लांब असली की बॉनेट लांब दिसतं, माणसं मागे बसलेली वाटतात आणि गाडी उभी असतानाच निघाल्यासारखी दिसते. हे अंतर नंतर कुठल्याही रेषेने आणता येत नाही. एक्सजेएस १९७५ ची, आणि तिचा तळ १९६८ च्या एक्सजे६ चा आखूड केलेला. बारा सिलिंडरचं भलं मोठं इंजिन मावेल अशी पुढची जागा तिला होतीच. म्हणजे ग्रँड टूररला (लांबच्या प्रवासाच्या वेगवान, आरामशीर गाडीला) हवं असलेलं लांब नाक आयतं मिळालं.

जे बदलता येण्यासारखं होतं, तिथे कॅलम यांनी काय केलं ते आकड्यांत बघ. दोन्ही गाड्यांचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) २५९१ मिलिमीटर, जसाच्या तसा. पण एक्सजेएस सुमारे ४.७६ मीटर लांब आणि डीबी७ सुमारे ४.६३. म्हणजे तेरा सेंटिमीटरच्या आसपास लांबी कमी झाली, आणि ती सगळी चाकांच्या पुढून आणि मागून गेली. कागदावर ही काटछाट किरकोळ वाटते. प्रत्यक्षात त्याच जागेत रेडिएटर, बंपरचा बीम आणि धडकेत चुरगळणाऱ्या रेल असतात. तिथला एकेक सेंटिमीटर काढायचा म्हणजे तो सगळा भाग नव्याने करायचा. त्यात चाकं अठरा इंची. त्या काळात हा आकार फार मोठा होता, पण मोठ्या चाकांमुळे बॉडी जमिनीलगत आणि आटोपशीर वाटते. एक्सजेएसच्या मागच्या काचेच्या दोन्ही बाजूंनी डिकीपर्यंत उतरणारे ते उंच पंख गेले, आणि छताची रेषा सलग मागे वाहत आली. पुढे ॲस्टनची जाळी, मडगार्डमागे ॲस्टनच्या जुन्या डीबी४ च्या वळणाची हवेची खाच, आणि मागच्या चाकावर भरदार उठलेला खांदा. कधी प्रत्यक्ष गाडी बघायला मिळाली तर मागच्या चाकाशी उकिडवा बस आणि तिथून पुढे नजर टाक. दाराच्या पत्र्यावर प्रकाश कुठेही अडखळत नाही. मोटारीच्या बॉडीवर काम केलेल्या माणसाला असा पत्रा बघून समाधान वाटतं.

आता दिव्यांची गोष्ट, कारण यावरून डीबी७ ला टोमणे फार बसतात. मागचे दिवे माझ्दा ३२३एफ चे. इंडिकेटरसाठी माझ्दा एमएक्स-५ ची मदत घेतली. आतली बरीच बटणं फोर्डची. फोर्डचा माझ्दामध्ये हिस्सा होता, त्यामुळे हे भाग हाताशी होते. एवढ्या महाग गाडीला साध्या हॅचबॅकचे दिवे, असं म्हणणाऱ्यांनी एकदा दिव्याचा हिशेब मांडून बघावा. नवा दिवा म्हणजे लेन्सचा साचा, रिफ्लेक्टरचा साचा, पाणी आत जाऊ नये म्हणून सीलच्या चाचण्या, आणि प्रत्येक देशाच्या नियमानुसार वेगळी मंजुरी. हा खर्च दहा गाड्या बनवा की दहा लाख, तेवढाच असतो. समजा साच्यांवर आणि मंजुऱ्यांवर सहा कोटी रुपये गेले. वर्षाला दोन लाख गाड्या विकणारी कंपनी हे सहज विसरून जाईल. वर्षाला सहाशे गाड्या विकणाऱ्या कंपनीत पहिल्या वर्षीच्या प्रत्येक गाडीवर एक लाख रुपये नुसत्या दिव्याचे चढतील. तोच पैसा त्यांनी सस्पेन्शन आणि बॉडीच्या डायवर (पत्रा दाबायच्या साच्यांवर) लावला. खरं कौशल्य पुढेच आहे. बाहेरून आणलेला दिवा बॉडीत असा बसवला की तो याच गाडीसाठी केला असावा असं वाटतं. दिव्याभोवतीचा पत्रा दिव्याच्या वक्राला धरून काढला आहे. माहिती नसेल तर दहातल्या नऊ जणांना संशयही येणार नाही.

इंजिनही जॅग्वारच्या घरातलं. एजे६ हे ॲल्युमिनियम ब्लॉकचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन, चोवीस व्हॉल्व्हचं. ते ४ लिटरमध्येही होतं, तरी ३.२ लिटरचं निवडलं, हे अनेकांना कोड्यात टाकतं. बोअर (सिलिंडरचा व्यास) दोघांचा ९१ मिलिमीटर, पण स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) ४ लिटरचा १०२ आणि ३.२ चा ८३. आखूड स्ट्रोकमध्ये पिस्टनचा वेग कमी राहतो आणि क्रँकवरचा ताण आवाक्यात राहतो. त्यावर टीडब्ल्यूआरने ईटनचा सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंप) चढवला. ताकद ३३५ अश्वशक्ती, आणि टॉर्क ३००० आरपीएमलाच सुमारे ४९० न्यूटन मीटर. टर्बो का नाही? टर्बोला एक्झॉस्टचा जोर तयार होईपर्यंत थांबावं लागतं, आणि त्या काळच्या टर्बोत ही दिरंगाई पायाला जाणवायची. सुपरचार्जर बेल्टवर चालतो, पाय दाबला की लगेच हवा. डोंगरातल्या वळणावरून बाहेर पडताना गिअर न बदलता गाडी ओढली गेली पाहिजे, ही ग्रँड टूररची पहिली अपेक्षा असते. ती या इंजिनाने पुरेपूर भागवली. सुपरचार्जर इंजिनाचीच थोडी ताकद खातो आणि हवा तापवतो, म्हणून ती गार करायला इंटरकूलर लागतो. एवढी किंमत मोजायला त्यांची तयारी होती. ताशी २५० किलोमीटरच्या पुढचा वेग मिळत होता.

आता खालचा भाग. ‘एक्सजेएसच तर आहे’ असं म्हणणाऱ्याने गाडी लिफ्टवर चढवून मागच्या ॲक्सलखाली उभं राहावं. एक्सजेएसच्या मागच्या सस्पेन्शनची कल्पना १९६१ च्या ई-टाइपपासून चालत आलेली. तिच्यात चाकाला ताकद पोचवणारा ड्राइव्हशाफ्टच वरच्या विशबोनचं (चाक धरून ठेवणाऱ्या आडव्या दांड्याचं) काम करतो, आणि ब्रेक चाकात नसून आत, डिफरन्शियलला (दोन्ही चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीला) चिकटून असतात. ब्रेक आत घेतल्याने चाकाशी वजन कमी होतं, हा फायदा खरा. पण तिथे त्यांना वारा लागत नाही, तापलेली डिस्क डिफरन्शियलच्या सीलला भाजत राहते, आणि पॅड बदलायचे तर मेकॅनिकला अडचणीत हात घालून घाम गाळावा लागतो. डीबी७ मध्ये ब्रेक बाहेर चाकात आले, आणि चाकाला धरून ठेवायला रीतसर दोन विशबोन आले. म्हणजे चाकाचा कोन सांभाळण्याचं काम शाफ्टकडून काढून घेतलं. शाफ्टने फक्त ताकद पोचवायची. एवढ्या एका बदलाने सस्पेन्शन बसवणाऱ्याला केवढी मोकळीक मिळते, ते हे काम केलेल्यालाच कळेल.

ती मोकळीक ग्रँड टूररमध्ये फार मोलाची, कारण तिच्याकडून दोन उलट गोष्टी मागितल्या जातात. ताशी दोनशेच्या वेगात रस्त्याच्या लांब लाटांवर बॉडी डोलता कामा नये, आणि त्याच वेळी बारीक खडखड मात्र पाठीला कळता कामा नये. पहिल्यासाठी शॉक ॲब्सॉर्बर घट्ट हवा, दुसऱ्यासाठी सस्पेन्शनच्या सांध्यातले रबरी बुश मऊ हवेत. बुश फार मऊ केले की स्टिअरिंग गुळमुळीत होतं. हा तोल कॉम्प्युटरवर जवळपास साधता येतो, शेवटचा टप्पा मात्र माणसाने रस्त्यावर बसूनच गाठायचा असतो. एक बुश बदल, फेरी मार, पुन्हा बदल. डीबी७ चालवणाऱ्यांकडून जे कौतुक ऐकू येतं ते बहुतेक याच गुणाचं: दिवसभर चालवली तरी माणूस थकून उतरत नाही. मागच्या सीटवर मात्र लहान मुलांपलीकडे कोणी बसू शकत नाही. तळ एक्सजेएसचा, व्हीलबेस तोच, त्यामुळे यावर इलाजच नव्हता.

नावाचं एवढंच. कंपनीला १९४७ पासून घडवणारे आणि ज्यांच्या नावाची आद्याक्षरं ‘डीबी’ मध्ये आहेत ते सर डेव्हिड ब्राउन तेव्हा हयात होते. हेज यांनी त्यांना सन्मानाने कंपनीत परत आणलं आणि नाव वापरायला त्यांची संमती घेतली. गाडी मार्च १९९३ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात आली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सर डेव्हिड गेले. आपली आद्याक्षरं पुन्हा ॲस्टनवर आलेली त्यांनी पाहिली, याचं मला आजही बरं वाटतं.

उत्पादन न्यूपोर्ट पॅग्नेलला न घेता ऑक्सफर्डशायरमधल्या ब्लॉक्सम इथे घेतलं. जॅग्वार एक्सजे२२० जिथे जुळायची तोच हा कारखाना. ते काम संपत आलं होतं आणि जागा, माणसं तयार होती. हाताने ठोकलेल्या ॲल्युमिनियमऐवजी इथे बहुतेक बॉडी प्रेसमध्ये दाबलेल्या पोलादी पत्र्याची, काही भाग कंपोझिटचे. वजन त्यामुळे वाढलं, पावणेदोन टनांच्या आसपास गेलं. पण दोन गाड्यांची दारं एकसारखी निघायला लागली. किंमत ऐंशी हजार पाउंडांच्या आतबाहेर ठेवता आली. १९९६ मध्ये उघड्या टपाची व्होलांटे आली.

१९९९ मध्ये डीबी७ ची व्हँटेज आवृत्ती आली ती व्ही१२ (बारा सिलिंडरचं) इंजिन घेऊन. इथेही तोच विचार दिसतो. फोर्डच्या संशोधन विभागाने आणि कॉसवर्थने केलेल्या या इंजिनाचा बोअर ८९ आणि स्ट्रोक ७९.५ मिलिमीटर. हीच मापं फोर्डच्या ३ लिटर ड्युराटेक व्ही६ ची. दोन व्ही६ एकामागे एक मांडल्याचं गणित केलंस तर ५९३५ सीसी येतात, बरोबर. ताकद ४२० अश्वशक्ती. हे इंजिन आल्यावर सहा सिलिंडरच्या गाडीला गिऱ्हाईक उरलं नाही आणि ती त्याच वर्षी बंद झाली. माझं मन अजूनही पहिल्या सहा सिलिंडरच्या गाडीत आहे, कारण तिचं पुढचं टोक हलकं आहे आणि मूळ बेत जास्त निखळ दिसतो. विकत घेणाऱ्यांचं मत वेगळं पडलं.

१९९८ साली २००० वी डीबी७ बनली आणि २००२ मध्ये ६००० वी. त्याआधीच्या सगळ्या डीबी गाड्या मिळूनही एवढ्या झाल्या नव्हत्या. त्या पैशांवर आणि त्या विश्वासावर फोर्डने पुढचा खर्च केला: गेडन इथे नवा कारखाना आणि चिकटवून जोडलेल्या ॲल्युमिनियमचा स्वतंत्र तळ. त्यावर डीबी९ आली. तिथे फायरवॉल, चाकं, सीट सगळं ॲस्टनच्या माणसांनी आपल्या मनासारखं ठेवलं.

तुझ्या प्रोजेक्टसाठी एक काम सुचवतो. एक्सजेएस, डीबी७ आणि १९९६ ची जॅग्वार एक्सके८ या तिघींची बाजूची रेखाटनं एकाच मापात घे. एक्सके८ चा तळही एक्सजेएसच्याच वंशातला, हे लक्षात ठेव. मागच्या चाकांचे मध्यबिंदू एकावर एक ठेव आणि तीन रंगांत रेषा ओढ. फायरवॉल, काचेचा पाया, छताचा सर्वांत उंच बिंदू आणि दोन्ही ओव्हरहँग (चाकांच्या पुढे आणि मागे आलेला भाग) मोजून तक्ता कर. मग त्यातली प्रत्येक तफावत काढायला कुठला भाग नव्याने करावा लागला असेल, ते त्याच्यासमोर लिही.